पाच पाट्यांची कमान

होडीच्या गाड्याची डावी कमान तुटली ती भर उतारावर. आवाज असा झाला की थोरलीला वाटलं होडीच फुटली. ती मागून धावत पुढं आली तर होडी धड होती, नुसती एका कुशीवर कलली होती आणि डावं चाक तिच्या पोटाला जाऊन टेकलं होतं. धाकटी आधीच गाड्याखाली वाकून बघत होती. चाकाचा दणका झेलायला लोखंडाचे पाटे एकाखाली एक रचून केलेली ती कमान. त्यातला सगळ्यात वरचा, लांब पाटा मधोमध तुटून लोंबत होता.

"मोडली?" थोरलीनं विचारलं.

"नाही, झोपलीय जरा," धाकटी म्हणाली.

दोघी जावा. दोघींचे नवरे लांबच्या बंदरावर मोठ्या बोटींवर कामाला, हंगाम सरल्याशिवाय घरचं तोंड बघत नसत. घरी म्हातारे सासरे, होडी, जाळी आणि ह्या दोघी. तलावात होडी ह्याच घालत आणि मासेही ह्याच धरत. थोरली बोलते आणि धाकटी करते, असं लोक म्हणायचे. हा थोरलीवर अन्याय होता, कारण ती बोलता बोलता करायचीही.

वर्षातून एकदा होडी पाण्याबाहेर काढून घरापुढं आणायची, खरवडायची, सांध्यांत सुताच्या वाती ठोकायच्या, डांबर फासायचं आणि परत पाण्यात लोटायची, असा त्यांचा रिवाज. यंदा होडी बाहेर आली आणि पाणी निघून गेलं. आधी काठापासून हललं, मग चिखलापलीकडं गेलं, मग घरातून दिसेनासंच झालं. ज्यांच्या होड्या पाण्यात होत्या त्या पाण्याबरोबर आत सरकल्या. ह्यांची दारात राहिली. शेवटी गाड्यावर चढवून तलावाच्या तळातूनच पाण्यापर्यंत न्यायची ठरवली, तर पहिल्याच उतारावर हे असं झालं.

होडी ढकलत, ओढत, शिव्या देत कशीबशी परत दारात आणली. आता घाई होती ती लाकडाची. पाण्यात राहणारं लाकूड उन्हात राहिलं की आकसतं, फळ्या एकमेकींपासून सुटतात, आणि एका मर्यादेपलीकडं सुटल्या की परत मिटत नाहीत. आबा, म्हणजे सासरे, होडीवर ओली पोती टाकून बसत. पोती वाळली की पुन्हा भिजवत. ही होडी त्यांनी स्वतः बांधलेली होती. आता त्यांचे हात इतके थरथरत की चमचा तोंडाशी नेईपर्यंत निम्मं अंगावर सांडे. ही होडी गेली तर दुसरी होणार नव्हती आणि होडीवाचून घर चालणार नव्हतं. तिघांनाही ते ठाऊक होतं, म्हणून तिघंही दुसऱ्याच गोष्टींवरून भांडत होते.

तुटकी कमान पोत्यात घालून दोघी बाजारपेठेत पाटेवाल्याकडं गेल्या. पोतं दोघींच्या मध्ये धरलेलं. धाकटी ठेंगणी, थोरली उंच, त्यामुळं सगळा भार धाकटीकडं घसरायचा आणि थोरली म्हणायची, "नीट धर की गं." दुकान म्हणजे पत्र्याखालची एक लांब अंधारी जागा. भिंतीला लागून कमानी उभ्या केलेल्या, मोटारींच्या, टेम्पोच्या, कुठल्या कुठल्या ट्रकच्या. काही तर धाकटीच्या खांद्याएवढ्या उंच होत्या. जमीन तेलानं काळी झालेली, आणि पाटेवाल्याचे हातही त्याच रंगाचे.

त्यानं तुटक्या पाट्याचे दोन तुकडे उजेडात धरले आणि धाकटीला जवळ बोलावलं.

"हे बघा. इकडचा निम्मा भाग गंजलेला, आणि हा निम्मा चकचकीत. गंजलेला निम्मा कधीचाच तुटलेला होता. तुमची होडी इतके दिवस ह्या उरलेल्या निम्म्यावर चालली."

धाकटीनं त्या चकचकीत भागावर बोट फिरवलं. बोटभर रुंदीसुद्धा नव्हती. एवढ्याशा लोखंडावर होडी येत होती, जात होती, आणि आपण वरून डांबराचे डबेही चढवत होतो, ह्याचं तिला मोठं नवल वाटलं.

"गंजली कशानं?" थोरलीनं विचारलं.

"गाडा पाण्यात नेता ना होडी उतरवायला? पाणी पाट्यांच्या मधे शिरतं आणि तिथंच बसतं. आता घेताना दोन्ही बाजू बदला. एक नवी आणि एक जुनी लावली तर गाडा लंगडेल." त्यानं टेप काढून कमानीच्या दोन्ही टोकांचे डोळे, म्हणजे वळवलेली कडी, मापले, पाट्याची रुंदी मापली, डोळ्यातल्या बुशचं, म्हणजे आतल्या नळीचं, भोक मापलं. "माप जमेल. होडीचं वजन किती?"

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

"रिकामी असली की चार बोटं," थोरली म्हणाली.

"काय चार बोटं?"

"बुडते. जाळी आणि आम्ही दोघी बसलो की वीतभर. मासे चांगले असले की वीत आणि वर दोन बोटं."

पाटेवाल्यानं पान्याच्या टोकानं कपाळ खाजवलं. "वहिनी, बोटांत वजन देणारं गिऱ्हाईक आजच पाहिलं. किलो सांगा."

"कधी तोललीच नाही. होडी कोण तोलतं?"

हे खरंच होतं. होडीला वजन असतं हे त्या घरात कुणाच्या डोक्यातच नव्हतं. वजन असायचं ते जाळ्याला, माशांना, माणसांना. होडी ते सगळं उचलायची.

पाटेवाल्यानं दोन जोड्या काढून पुढं ठेवल्या. लांबी एकच, डोळे एकसारखे. एका कमानीत तीन पाटे, दुसरीत पाच. "मी तुमची होडी पाहिलेली नाही. माझा अंदाज तीनचा. पण अंदाज तो अंदाज."

"तीन आणि पाचात फरक काय?" धाकटीनं विचारलं.

तो तिला मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथं दाब देण्याचं यंत्र होतं. त्यानं एक तीन पाट्यांची कमान त्यात पालथी ठेवली आणि दांडा मारू लागला. कमान हळूहळू खाली गेली. बाक कमी होत गेला, पाटे एकमेकांवरून घसरताना बारीक कुरकुर झाली, आणि ती सरळसोट झाली, पट्टीनं ओढल्यासारखी. धाकटीनं श्वास धरला. आता तुटणार असंच तिला वाटत होतं. त्यानं दाब सोडला आणि ते लोखंड उठलं. जिथं होतं तिथंच, तेवढ्याच बाकात येऊन थांबलं.

"परत एकदा करा ना," धाकटी म्हणाली.

त्यानं परत केलं. दुकान बघायला आलेल्या लहान मुलीसारखी ती उभी होती, आणि आपण तशा उभ्या आहोत ह्याची तिला लाजही वाटली नाही. लोखंड वाकतं हे तिला माहीत होतं. वाकून परत येतं, सांगायला कुणी नसताना आपली जागा ओळखतं, हे तिनं आज पाहिलं.

थोरलीनं मात्र पाचाची जोडी आधीच पोत्यात घातली होती.

"ताई, ते तीन म्हणतात."

"म्हणू देत. आबांनी होडी बांधताना काय बघितलं? सगळ्यात वाईट दिवस. वादळ असेल, होडीत पाच माणसं असतील, भिजलेली जाळी असतील, त्या दिवशी टिकली पाहिजे. बाकीचे दिवस काय, कशावरही निघतात. कमानही तशीच घ्यायची."

पाटेवाला म्हणाला, "वहिनी, जी वाकत नाही ती कमान नव्हे."

"मोडत तर नाही ना?"

"मोडणार नाही."

"मग झालं."

घरी आबांनी पोत्यातली जोडी पाहिली, पाटे मोजले, आणि मान हलवली. "बरोबर आणलीत. वाईट दिवसाची." थोरलीनं धाकटीकडं असं बघितलं की धाकटी जॅक आणायला उठलीच.

बसवायला त्यांना पूर्ण दिवस गेला. जुन्या नटांना गंजानं इतकं धरलेलं की पान्याला पाइप लावून दोघी त्यावर लोंबकळल्या. थोरलीच्या तळहाताचं साल गेलं. धाकटी पाठीवर झोपून गाड्याखाली, तोंडावर गंज पडतोय, आणि बाहेरून आबांच्या सूचना. ग्रीस बोटांनी कमानीच्या डोळ्यात भरलं, पिना ठोकल्या, आसावर यू बोल्ट कसले. संध्याकाळी होडी नव्या कमानींवर बसली. कमानी तसूभरही खाली गेल्या नाहीत. "बघ," थोरली म्हणाली, "काही वाटलंसुद्धा नाही त्यांना."

सकाळी ट्रॅक्टरवाला आला. त्याला शिट्टी म्हणत, कारण ट्रॅक्टर चालू असला की तो शिट्टी वाजवायचा आणि ती त्याची त्यालाही ऐकू यायची नाही. आबांना त्यानं आपल्या शेजारच्या मडगार्डवर बसवलं. दोघी होडीच्या दोन बाजूंनी चालू लागल्या.

काठ उतरून ते तलावात शिरले. आधी भेगाळलेला चिखल, त्यावर पांढरे शिंपले, पायाखाली चुरचुरणारे. मग दगड सुरू झाले. मग झाडांचे बुंधे, काळे, गुळगुळीत, कुठल्या काळी इथं रान होतं त्याचे. बुंध्यांना तुटकी जाळी अडकलेली. थोरलीनं त्यातलं एक ओळखलं. "आपलं आहे हे. ह्याची गाठ माझी." थोडं पुढं एक डबा चिखलात रुतलेला दिसला. तिनं तो पायानं उकरला. "आणि हा डबा. मी बुडवला नाही म्हणत होतीस ना तू, तोच हा."

"मी नाहीच बुडवला. तुम्ही बुडवलात."

"बरं, असू दे," थोरली म्हणाली. एरवी हे भांडण दुपारपर्यंत चाललं असतं. पण इथं मोठ्यानं बोलायला दोघींनाही कसंसंच वाटत होतं.

उतार वाढला तसा काठ मागं वर वर गेला. एका मोठ्या खडकापाशी शिट्टीनं ट्रॅक्टर थांबवला आणि शिट्टीही थांबवली. खडकावर पाण्याची जुनी रेष होती. ती रेष बघायला त्यांना मान पूर्ण मागं टाकावी लागली. एकावर एक दोन घरं ठेवली असती तरी तिथवर पोचली नसती.

"तिथं असायचो आपण," धाकटी म्हणाली.

 वर नुसतं आभाळ होतं. रोज सकाळी त्या उंचीवर, वीतभर बुडालेल्या फळ्यांवर बसून त्या भाकरी खात, भांडत, जाळी ओढत. खाली हे एवढं सगळं होतं, आणि मधे फक्त पाणी होतं. धाकटीला भीती वाटली, आणि बरंही वाटलं. आपल्याला कुणी इतकी वर्षं एवढं उचलून धरलं होतं हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

आबा ट्रॅक्टरवरून वर बघत होते. "बांबू इथं टेकायचा नाही," ते म्हणाले. "मला वाटायचं, असेल थोडं खोल."

खडकाच्या पुढं दगडांचा पट्टा लागला. चाक दगडावर चढायचं आणि धाडकन उतरायचं. प्रत्येक वेळी आख्खी होडी उडायची, आणि आवाज चाकाचा नाही, लाकडाचा यायचा. धाकटी हात होडीला लावून चालत होती. एका दणक्याला तिच्या हाताखाली काहीतरी सरकलं. तिनं वाकून पाहिलं. सांध्यातली सुताची वात बाहेर येऊन लोंबत होती, आणि फटीतून पलीकडचा उजेड दिसत होता.

"थांबवा," ती ओरडली. "शिट्टी, थांबव."

थोरली धावत आली. दोघींनी सगळी बाजू बघितली. तीन ठिकाणी वाती निघाल्या होत्या. एका फटीत थोरलीचं नख गेलं. तिचा चेहरा उतरला. ती मटकन दगडावर बसली.

"मी घेतल्या त्या कमानी," ती म्हणाली. "मी मारली हिला."

"अजून मेली नाही ती," धाकटी म्हणाली. तिला थोरलीचा राग आला होता, आणि रडू येत होतं, आणि आधी कुठलं करावं ते कळत नव्हतं.

आबांना उतरवून घेतलं. ते होडीभोवती फिरले, प्रत्येक फटीवरून थरथरता हात फिरवला. मग गुडघे धरत खाली बसले आणि कमानीवर हात ठेवला.

"हलवा होडी. दाबून सोडा."

दोघींनी होडीच्या काठावर आपलं वजन टाकलं. कमान ढिम्म. फक्त टायर जरासा दबला.

आबांनी कमानीवरून हात काढला. मग त्यांनी मान वर करून त्या उंच रेषेकडं पाहिलं. "कसा मूर्खपणा केला," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "जन्मभर मला वाटलं, होडी टिकते ती मी मजबूत बांधली म्हणून. लाट आली की होडी वाकते का? नाही. पाणी वाकतं. सगळं वाकायचं काम पाणी करत होतं, माझ्या फळ्या नुसत्या बसून होत्या. इथं पाणी नाही. पाण्याचं काम ह्या लोखंडानं करायचं आहे, आणि आपण त्याला सांगितलं, वाकू नकोस."

"मग आता?" थोरलीनं विचारलं.

"पाटे काढायचे."

"किती?"

"ते होडी सांगेल. होडीत पाय टाकला की ती किती बसते?"

"दोन बोटं," दोघी एकदम म्हणाल्या.

"तेवढी बसली पाहिजे."

तलावाच्या तळात, भर उन्हात, त्यांनी जॅक लावला. खाली दगड रचले, कारण जॅक चिखलात जात होता. शिट्टीनं पान्यांची पेटी आणली. एकेक कमान सोडवून मधला बोल्ट काढला आणि सगळ्यात खालचा आखूड पाटा बाजूला ठेवला. परत जोडलं. शेजारी एक काठी रोवून आबांनी तिच्यावर होडीच्या काठाची खूण केली. धाकटीनं होडीच्या काठावर पाय टाकून भार दिला, आबांनी बोटं धरली. एक बोट. तेही धड नाही.

"अजून एक."

पुन्हा सगळं सोडवलं. यू बोल्टचे आटे आता पुरेनात, पाटे कमी झाल्यानं नट तळाला जाऊन अडत होते. शिट्टीनं खिशातून, पेटीतून, सीटखालून वॉशर गोळा केले आणि खाली घातले. थोरलीच्या सोललेल्या हातातून रक्त आलं, ते तिनं परकराला पुसलं आणि पाना सोडला नाही. शिट्टी "मी धरतो" म्हणाला तर त्याच्यावर खेकसली.

आबांनी काठीवर नवी खूण केली आणि धाकटीनं पुन्हा पाय टाकला. होडी खाली गेली, मऊ, सावकाश. धाकटीनं पाय काढला आणि ती वर आली. जिथं होती तिथं. होडी दबली तेव्हा आबांची दोन बोटं काठ आणि खुणेच्या मधे अगदी बरोबर बसली होती.

तीन पाटे राहिले होते. थोरलीनं ते पाहिलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत म्हणाली, "माहीत आहे मला. पाटेवाल्याला सांगायला जाऊ नका."

वाती परत ठोकायला आबांचे हात चालेनात. ते सांगत गेले आणि धाकटी ठोकत गेली, लाकडी हातोड्यानं, हळू, फळी न दुखावता. मग आबा म्हणाले, "मला होडीत बसवा."

"ओझं कशाला वाढवता आबा?"

"ओझं नाही, मी बघणार आहे."

त्यांना मागच्या फळीवर, त्यांच्या जागेवर बसवलं. ट्रॅक्टर हलला. पहिलं चाक दगडावर चढलं, कमान दबली, होडी एका कुशीवर सावकाश झुकली आणि परत सरळ झाली. दणका नाही, लाकडाचा आवाज नाही. दुसरा दगड आला, तिसरा आला. होडी डुलत होती. कोरड्या दगडांवरून, बुंध्यांमधून, पाण्यावर डुलते तशी डुलत होती, आणि आबा काठ धरून, अंग सैल सोडून, तिच्याबरोबर डुलत होते. थोरली चालता चालता थांबली आणि नुसती बघत राहिली. धाकटीनं तिचा हात धरला. तिनं तो काढून घेतला नाही.

पाणी आलं ते असं अचानक, उतार संपतासंपता, सपाट आणि गढूळ. शिट्टीनं गाडा उलटा फिरवून मागं पाण्यात लोटला. धाकटी कमरेएवढ्या पाण्यात उतरली. मागं हटताना गाडा कुठं दगडावर बसू नये म्हणून ती पाण्याखाली हात घालून चाचपत होती, आणि हात कमानीवर पडला. तिनं तो तसाच ठेवला.

गाडा आणखी मागं आला. तिच्या तळहाताखाली ते लोखंड वर येऊ लागलं. आधी जाणवेल न जाणवेल असं, मग स्पष्ट. होडी वर तशीच दिसत होती, आबा तसेच बसलेले, पण खाली कमान एकेक केस उठत होती, जेवढं ओझं पाणी घेत होतं तेवढीच. कुणी कुणाला सांगत नव्हतं. लोखंड सोडत होतं आणि पाणी धरत होतं, आणि मधे कुठंच काही पडत नव्हतं. कमान पूर्ण बाकात आली आणि थांबली. धाकटीनं वर पाहिलं. होडी गाड्यापासून सुटली होती. कधी सुटली ते कळलंच नाही. आपण काय पाहिलं हे तिला कुणाला सांगता आलं नसतं, पण तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

"पाणी येतंय," आबा वरून म्हणाले.

फटींतून पाणी आत येत होतं. थोरलीनं उडी टाकून होडी गाठली आणि डब्यानं उपसू लागली. धाकटी दुसऱ्या टोकाला बसली. त्या उपसत होत्या आणि पाणी येतच होतं, घोट्यापर्यंत, मग घोट्याच्या खाली, मग परत घोट्यापर्यंत. आबांचे पाय पाण्यात होते. उतरा म्हटलं तर त्यांनी ऐकलंच नाही. शिट्टी काठावर ट्रॅक्टर बंद करून बसला होता आणि शिट्टी वाजवत नव्हता.

उन्हं कलली. थोरलीचे दंड दुखून लाकूड झाले होते. तिनं डबा बाजूला ठेवला, ओणवी झाली आणि सगळ्यात वाईट फटीवर तळहात दाबून धरला. सोललेला, रक्ताळलेला तळहात. ती डोळे मिटून तशीच राहिली. धाकटीनंही उपसणं थांबवलं. होडीत जेवढं पाणी होतं तेवढंच होतं, हलत होतं, पण वाढत नव्हतं.

"लाकूड फुगलं," थोरली हळूच म्हणाली. "मिटतंय, आबा. माझ्या हाताखाली मिटतंय ते."

 दोघी आबांकडं बघत होत्या. ते काठावरून हात खाली सोडून पाण्यात बोटं बुडवून बसले होते, आणि एरवी क्षणभर न थांबणारा तो हात पाण्यात अगदी स्थिर होता. मग त्यांनी मान वर केली.

"बघत काय बसलात?" ते म्हणाले. "जाळं टाका की."